काळ्या गाडीवरची जाळी हाताने निघते का?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. काळी हॅचबॅक आहे, चार वर्षं झालेली, सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये उभी असते. रोज सकाळी गाड्या पुसणारा मुलगा येतो. ऊन पडलं की बॉनेटवर आणि डिकीच्या दारावर बारीक चऱ्यांची, कोळिष्टकासारखी गोल जाळी दिसते. एका डिटेलिंगवाल्याने मशीन पॉलिश आणि वर सिरॅमिक कोटिंग (रंगावर द्रव लावून बसवलेला टिकाऊ संरक्षक थर) सुचवलंय, पण मालकांना ते सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या हाताने करायचंय. त्यांनी विचारलंय की कंपाउंड (घासून चरे काढायची पेस्ट) कोणतं घ्यावं, आणि डाव्या मागच्या दारावरचा, नख अडकणारा किल्लीचा चरा त्यातच निघून जाईल का.

मी डेंटिंग-पेंटिंगच्या शेडमध्ये काम शिकलो आणि आता पुण्यात फक्त पॉलिशिंगचं काम करतो. माझ्या हातात दिवसभर मशीन असतं, तरी तुम्हाला ‘हाताने करू नका’ असं सांगणार नाही. हाताने जमतं. मात्र किती जमतं हे पॅनलवर हात ठेवण्याआधी डोक्यात पक्कं हवं, कारण हाताने पॉलिश करून पश्चात्ताप झालेली जी माणसं माझ्याकडे येतात, त्यातल्या बहुतेकांचं कंपाउंड बरोबर असतं आणि अपेक्षा चुकलेली असते. ‘अजून थोडं, अजून थोडं’ करत ती एकाच जागी घासत बसलेली असतात.

घासतो ती वस्तू किती पातळ आहे बघा. कंपनीतून आलेल्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंत सगळा रंग मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यातला सगळ्यात वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, शेडमध्ये ज्याला लॅकर म्हणतात, तो ३५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा केस सत्तरएक मायक्रॉन जाड असतो. म्हणजे तुमची जाळी, आधीच्या सगळ्या पॉलिश आणि पुढच्या दहा वर्षांचं ऊन, सगळं अर्ध्या केसात बसवायचंय. उन्हातल्या अतिनील किरणांपासून रंगाला वाचवणारी द्रव्यंही याच थरात असतात. जुन्या गाड्यांच्या टपावर आणि बॉनेटवर पांढरट पापुद्रे सुटलेले पाहिले असतील, तो हाच लॅकर. उन्हाने कमकुवत झालेला, आणि पुष्कळदा दर दिवाळीला रबिंग (जाड कंपाउंड) मारून मारून पातळ केलेला.

आता जाळी म्हणजे काय. ती गोल दिसते म्हणून सगळ्यांना वाटतं की पुसणाऱ्याने फडकं गोल फिरवलं. खरं तर चरे सगळ्या दिशांना पडलेले असतात. सूर्याचं प्रतिबिंब जिथे दिसतं त्याच्याभोवती जे चरे प्रकाशाला आडवे येतात तेवढेच चमकतात, बाकीचे दिसत नाहीत, म्हणून डोळ्याला वर्तुळ भासतं. डोकं हलवून बघा, वर्तुळही तुमच्याबरोबर सरकेल. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर एवढेच चरे असतात, फक्त ते खपून जातात. काळी गाडी काही लपवत नाही.

पॉलिश केल्यावर चरा ‘भरतो’ असं समजू नका. पॉलिशमधले बारीक कण चऱ्याच्या आजूबाजूचा लॅकर खाली आणतात. चऱ्याच्या तळापर्यंत खाली आलं की चरा संपतो. पण त्याच्याही आधी एक टप्पा येतो: चऱ्याच्या धारदार कडा गोलसर होतात. चमकतात त्या कडाच, त्यामुळे त्या बोथट झाल्या की चरा जागेवर असूनही चार फुटांवरून दिसेनासा होतो. हाताने काम करताना तुम्हाला मुख्यतः हा कडा बोथट होण्याचा परिणाम मिळतो. ड्युअल अ‍ॅक्शन मशीन (ज्याचा पॅड फिरतो आणि हलतोही) मिनिटाला चार-पाच हजार वेळा हलतं. हात फार तर सेकंदाला दोनदा. हे अंतर बाटलीतल्या कंपाउंडने भरून निघत नाही.

माझ्या अंदाजाने, रंग मऊ असेल आणि माणूस धीराचा असेल तर बारीक जाळी हाताने निम्म्याहून अधिक कमी दिसायला लागते, कधी दोन तृतीयांशही. रंग कडक असेल तर खांदा दुखेल आणि फरक थोडाच दिसेल. जपानी कंपन्यांचे काळे रंग माझ्या अनुभवात मऊ लागतात, जर्मन गाड्यांचे कडक. मऊ रंगाचा दुसरा अर्थ असा की त्यावर चरे पडतातही तितक्याच सहज, त्यामुळे फार खूश होऊ नका. तुमच्या गाडीचा रंग कसा आहे हे मी इथे बसून सांगू शकत नाही. ते तुम्हाला एका फुटाच्या चौकोनात कळेल, त्याकडे येतोच.

काही परिस्थितींत मात्र आधी थांबा. गाडीचा रंग मॅट असेल तर पॉलिशला हातच लावायचा नाही, घासलं की तिथे चकाकणारा डाग पडतो आणि तो परत मॅट होत नाही. एखादं पॅनल विम्याच्या क्लेमनंतर रंगवलेलं असेल तर त्यावरचा लॅकर कंपनीपेक्षा जाडही असू शकतो आणि मऊही, तो वेगळा समजूनच करा. रंगवून महिना-दोन महिनेच झाले असतील तर तूर्त राहू द्या. वर पीपीएफ, म्हणजे रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म असेल तर जाळी फिल्मवर आहे, रंगावर नाही. आणि जुन्या गाड्यांच्या काही साध्या रंगांवर लॅकर नसतोच. पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन कोपऱ्यात घासा, गाडीचा रंग फडक्यावर उतरला तर समजायचं की वर लॅकर नाही. अशी गाडी हाताने उलट छान उजळते, फक्त रंग थेट संपत असतो.

तपासणी कुठे करायची? पार्किंगच्या ट्यूबलाइटखाली प्रत्येक गाडी नवी दिसते. गाडी धुऊन सकाळच्या कोवळ्या उन्हात आणा, किंवा संध्याकाळी मोबाईलचा टॉर्च पॅनलपासून हातभर लांब धरा. जे दिसतं त्यावर दोन साध्या चाचण्या. पहिली, पाणी शिंपडा. ओलं असताना चरा नाहीसा होतो आणि वाळल्यावर परत दिसतो, तर तो लॅकरमध्येच आहे. दुसरी, नख आडवं फिरवा. नख अडकलं तर तो चरा हाताने निघणार नाही, आणि मशीननेही तो काढायचा हट्ट धरू नये. नख सरकून गेलं तर प्रयत्न करण्यासारखा आहे.

धुण्याबद्दल सविस्तर सांगणं भाग आहे, कारण धूळ राहिलेल्या पॅनलवर पॉलिश करणं म्हणजे जाळी स्वतःच्या हाताने विणणं. आधी नुसत्या पाण्याचा मारा करून माती सोडवा. मग दोन बादल्या: एकीत कार शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. मिट (गाडी धुवायचा मऊ हातमोजा) पॅनलवर फिरवला की आधी साध्या पाण्यात खंगाळायचा, मगच शॅम्पूत बुडवायचा. वरून खाली यायचं, दारांचा खालचा भाग आणि बंपर शेवटी. नंतर हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून पॅनलवरून अलगद फिरवा. खरखर लागली तर रंगात कण रुतलेले आहेत. रेल्वेलाइनजवळ किंवा कारखान्यांच्या पट्ट्यात उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर लोखंडाची बारीक धूळ हमखास असते. त्यासाठी क्ले बार (रुतलेले कण उचलणारी मऊ मातीसारखी वडी), भरपूर साबणपाणी लावून, दाब न देता. क्ले जमिनीवर पडला तर तो फेकायचा. महाग आहे म्हणून झटकून परत वापरला तर त्यातली वाळू बॉनेटवर लांब रेघा काढते.

बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्याचे पांढरे ठिपके हा वेगळा प्रकार आहे. ते चरे नाहीत, क्षार आहेत. पांढरं व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून, सावलीत, मिनिटभर ठेवून धुऊन टाका. ताजे असतील तर निघतात. निघाले नाहीत तर ते लॅकरमध्ये खड्डा करून बसले आहेत, मग तिथे पॉलिशची पाळी.

आता मुख्य काम. पॅनल सावलीत आणि हाताला गार लागणारं हवं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारी हे शक्यच नाही, कंपाउंड लावल्या लावल्या वाळतं आणि मग पुसताना चरे पडतात. रबरी बीडिंग, काळं प्लास्टिक, बॅज आणि पॅनलच्या कडा यांवर मास्किंग टेप लावा. कडांवर रंग मुळातच पातळ असतो आणि हाताचा दाब नेमका तिथेच एकवटतो.

मग तो चौकोन. बॉनेटवर मधोमध एक फूट बाय एक फूट टेपने आखा. सुरुवात सगळ्यात बारीक, म्हणजे फिनिशिंगच्या पॉलिशने करा. त्याने भागलं तर जाड कंपाउंड उघडायचंच नाही. नाही भागलं तर तेवढ्याच चौकोनात कंपाउंड वापरून बघा. कोणतं, असं विचारलंत म्हणून सांगतो: हाताने वापरता येईल असं बाटलीवर लिहिलेलं घ्या. मेग्वायर्सचं अल्टिमेट कंपाउंड आणि स्क्रॅचएक्स ही दोन्ही हाताने चालतात आणि भारतात मिळतात. हार्डवेअरच्या किंवा पेंटच्या दुकानात डब्यातलं जे जाड रबिंग मिळतं, ते वॉटर पेपरच्या (पाणी लावून घासायच्या पॉलिश पेपरच्या) खुणा काढण्यासाठी असतं. ते काळ्या गाडीवर हाताने लावलंत तर जाळी जाईल आणि जागी धुरकट पट्टे येतील.

कंपाउंडांत एक फरक लक्षात ठेवा. काहींतले कण घासता घासता फुटून बारीक होतात. अशांना मध्येच सोडलं तर जाड कणांच्या खुणा तशाच राहतात, म्हणून थर पातळ आणि तेलकट दिसेपर्यंत घासत राहावं लागतं. काहींतले कण शेवटपर्यंत तेवढेच राहतात, त्यांना फक्त चौकोन नीट भरून काढला की झालं. बाटलीवरच्या सूचना वाचायचा कंटाळा करू नका. लोक हमखास अर्ध्यात सोडतात ते पहिल्या प्रकारचं.

लावायचं कशाने? जुन्या बनियनने नको. थोडा कडक फोमचा किंवा मायक्रोफायबरचा अ‍ॅप्लिकेटर घ्या. मायक्रोफायबर जास्त कापतो, फोम जास्त स्वच्छ फिनिश देतो, म्हणून कंपाउंडला मायक्रोफायबर आणि पॉलिशला फोम. हरभऱ्याएवढे चार-पाच थेंब, आणि जागा दीड फुटाच्या चौकोनाहून मोठी नको. दाब तळहाताचा द्यायचा. बोटांच्या टोकांनी दाबलं की प्रत्येक बोटाखाली वेगळी रेघ उमटते, आणि काळ्या रंगावर ती मोजता येते.

हात कसा फिरवायचा यावर वाद आहेत. बऱ्याच डब्यांवर अजून ‘गोलाकार घासा’ असं छापलेलं असतं. मी हाताने करताना सरळ रेषेतच घासतो: आधी पुढून मागे, प्रत्येक रेघ आधीच्या रेघेवर निम्मी चढवत, मग त्याच चौकोनात आडवं, आणि शेवटची फेरी दाब कमी करत परत पुढून मागे. कारण साधं आहे. हाताच्या पॉलिशने थोड्याफार खुणा राहतातच. त्या सगळ्या एकाच दिशेत असल्या तर प्रकाश एका ठरावीक कोनातून आला तरच दिसतात. गोल खुणा कुठूनही दिसतात, आणि आपण त्याच तर काढायला बसलोय. एका चौकोनाला दोन-तीन मिनिटं द्या, स्वच्छ मायक्रोफायबरने हलक्या हाताने पुसा, उन्हात किंवा टॉर्चखाली बघा. अजून एखादी फेरी द्यायला हरकत नाही. तिसऱ्यांदा तेच करूनही फरक दिसत नसेल तर हाताची मर्यादा आली. तिथे थांबायचं.

एक फसवणूक टाळा. पुष्कळ पॉलिशमध्ये तेलं आणि फिलर असतात. चरे त्यात बुडून दिसेनासे होतात, गाडी आरशासारखी दिसते, आणि दोन-तीन वेळा धुतल्यावर जाळी परत. म्हणून चौकोन झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग आणि पाणी तीन-चार भाग असं मिसळून फवारा आणि पुसा. तेल निघून जाईल आणि जे उरलं ते खरं. टूथपेस्टचे जे व्हिडिओ फिरतात त्यांची गंमत पुष्कळशी इथेच असते. टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतात हे खरं, पण ते दातांसाठी केलेले आहेत. ओल्या पेस्टने चमक दिसते, वाळल्यावर काळ्या रंगावर धुकं दिसतं. केरोसीनचा हात मारून ‘पॉलिश’ करून देणारेही आहेत. तो नुसता तेलकटपणा असतो आणि त्यावर धूळ आणखी बसते.

एक पॅनल नीट करायला अर्धा ते एक तास धरा. पूर्ण गाडी हाताने करायची म्हटलं तर दोन दिवस जातील, आणि दुसऱ्या दिवशीच्या दारांवर पहिल्या दिवशीच्या बॉनेटएवढी मेहनत होणार नाही. हे मी खात्रीने सांगतो. म्हणून माझा सल्ला: बॉनेट आणि डिकीचं दार करा, कारण रोज नजर तिथेच जाते. टप राहू द्या, तो कोणी बघत नाही आणि ऊन सगळ्यात जास्त तोच खातो. दारांच्या हँडलमागची वाटी मात्र नक्की करा. तिथे नखांचे आणि अंगठ्यांचे चरे असतात, मशीनचा पॅड आत जात नाही, आणि आम्हीसुद्धा ते हातानेच काढतो. खिडक्यांमधल्या चकचकीत काळ्या पट्ट्याही हाताच्याच, फक्त त्या इतक्या मऊ असतात की बारीक पॉलिशपलीकडे जाऊ नका.

झालं की वर वॅक्स किंवा सीलंट (वॅक्ससारखाच, पण कृत्रिम संरक्षक थर) लावा. पातळ थर, पॅनलगणिक. जास्त लावल्याने जास्त टिकत नाही, फक्त पुसायला त्रास होतो.

सिरॅमिक कोटिंगबद्दल दोन शब्द. कोटिंग चांगलं असतं, पण ते चरे झाकत नाही. काळ्या रंगावर कोटिंगखालची जाळी उलट ठळक दिसते आणि वर्षानुवर्षं तिथेच राहते. म्हणून डिटेलिंगवाल्याने आधी पॉलिश सांगितलं ते बरोबरच आहे. तुम्ही हाताने करून समाधानी झालात तर वॅक्सवर भागवा. कोटिंग करायचंच असेल तर आधीची पॉलिश मशीनने होऊ द्या.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाही ते. रोजचं पुसणं चालू राहिलं तर ही सगळी मेहनत पावसाळ्यापर्यंत टिकणार नाही. तो मुलगा सकाळी आठच्या आत पंचवीस-तीस गाड्या उरकतो, एक बादली आणि एक फडकं. तुमच्या बॉनेटपर्यंत येईस्तोवर त्या बादलीत पूर्ण सोसायटीची माती असते. चूक त्याची नाही, एवढ्या पैशात एवढ्या वेळात दुसरं काय होणार? त्याला सांगा की रोज फक्त काचा आणि आरसे पुसायचे, पत्र्याला हात लावायचा नाही. महिन्याचे पैसे तेवढेच द्या. आठवड्यातून एकदा तुम्ही धुवा, किंवा त्यालाच तुमची बादली, मिट आणि टॉवेल देऊन दोन पैसे जास्त देऊन धुऊन घ्या. पहिले काही दिवस तो चोरून पुसेलच, कारण धुळकट गाडी दिसली की इतर लोक त्यालाच बोलतात. वॉचमनलाही सांगून ठेवा.

उघड्यावर कव्हर घालत असाल तर वाऱ्यात ते फडफडतं आणि खाली अडकलेली धूळ पॉलिश पेपरसारखी फिरते. धुळकट गाडीवर कव्हर घालण्यापेक्षा गाडी उघडी बरी. आणि दसऱ्याला हार तारेने बांधू नका, दोऱ्याने बांधा, गाडी चालवण्याआधी काढून ठेवा. बॉनेटवर कोरड्या बोटाने स्वस्तिक काढण्याऐवजी ओल्या गंधाने काचेवर काढा. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात माझ्याकडे बंपरवर तारेच्या रेघा आणि बॉनेटवर कुंकवाचे डाग घेऊन बरेच लोक येतात.

राहिला किल्लीचा चरा. नख अडकतं असं तुम्हीच लिहिलंय, आणि मध्ये पांढरट रेघ दिसते म्हणजे तो लॅकर आणि रंग दोन्ही ओलांडून प्रायमरपर्यंत गेलाय. त्याला कंपाउंड लावून उपयोग नाही, आजूबाजूचा लॅकर संपेल आणि चरा तिथेच राहील. इंटरनेटवर २००० नंबरचा वॉटर पेपर मारा असं सांगणारे भेटतील, ते घरी करू नका. गाडीच्या स्टिकरवर रंगाचा कोड असतो, बहुधा दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली. त्या कोडचा टच-अप पेन घ्या. चरा अल्कोहोलने पुसून कोरडा करा, बाटलीतल्या ब्रशने न भरता टूथपिकच्या टोकाने चऱ्यातच रंग सोडा, एकदम न भरता पातळ दोन-तीन थर, प्रत्येक थर वाळू देऊन. शेवटी तसाच लॅकरचा थर. जवळून चरा दिसेल, पण काळ्या दारावरची पांढरी रेघ जाईल आणि पत्रा उघडा पडला असेल तर गंजणार नाही. त्यापेक्षा चांगलं हवं असेल तर पूर्ण दार रंगवावं लागतं, आणि एका चऱ्यासाठी कंपनीचा मूळ रंग घालवू नये असं माझं मत आहे.

त्या एका फुटाच्या चौकोनाचे आधीचे आणि नंतरचे फोटो, अल्कोहोलने पुसल्यानंतरचे आणि उन्हातले, इथेच टाका. ते बघून पुढे बारीक पॉलिशवर थांबायचं की कंपाउंड घ्यायचं हे सांगता येईल.